फक्त सही करा, काकू

दिंडोरी रोड, नाशिक
रविवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "आई, अण्णांच्या स्मरणिकेचं पान दिलंस का?" आणि मी म्हटलं, "बघते." बघतो हा तुझ्या अण्णांचा शब्द. तो माझ्या तोंडात कसा आला कोण जाणे. त्यांना हवं होतं ते पान अजून दिलेलं नाही. का, ते फोनवर सांगता येत नाही. तुझा फोन येतो तेव्हा इकडे कुकरची शिट्टी होते आणि तिकडे तू गाडीत असतेस. म्हणून लिहिते. सवडीने वाच.

गेल्या बुधवारी स्मरणिका समितीची दोन मुलं आली होती. चांगली मुलं आहेत, अण्णांच्या फोटोला हात जोडून मगच बसली. मला वाटलं, कागद-पेन घेऊन आली असतील, दोन गोष्टी विचारतील. तर पिशवीतून टाइप केलेलं पानच काढलं. वर माझं नाव, खाली टिंबटिंब. "फक्त सही करा, काकू. बाकी सगळं तयार आहे. परवा छपाईला द्यायचंय."

मी वाचलं. 'मी सावलीसारखी त्यांच्या पाठीशी उभी राहिले.' आता सावली कुठे पाठीशी उभी राहते? सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे, आणि दुपारी बाराला पायाखाली. पुढे होतं, 'त्यांनी संसाराकडे पाहिलं नाही, पण मी कधी तक्रार केली नाही.' हे वाचून मला हसू आलं. माझ्या तक्रारी मोजायच्या तर स्मरणिकेला पुरवणी काढावी लागेल. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही, ठेवून जा. चष्मा डोक्यावरच होता. मुलं बिचारी काही बोलली नाहीत.

ते पान अजून देवघराच्या फळीवर आहे, उदबत्तीच्या पुड्याखाली.

तुला आठवतं का, मी सावानातून, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयातून, रमाबाई रानड्यांनी लिहिलेल्या आठवणी आणल्या होत्या? न्यायमूर्ती रानडे जन्माने आपल्या निफाडचे, म्हणून कौतुकाने आणल्या. अकरा वर्षांची मुलगी, १८७३ साली लग्न झालं, नवरा तिशी ओलांडलेला आणि पहिली बायको गेलेली. त्यानेच शिकवलं. १८७८ साली बदली होऊन ही दोघं नाशकात आली, आणि बाईंचं चारचौघांतलं पहिलं भाषण झालं ते इथे, आपल्या नाशकात. ते भाषण मात्र नवऱ्याने लिहून दिलेलं. रानडे गेले १९०१ साली. बाईंचं स्वतःचं पुस्तक आलं १९१० साली. मध्ये नऊ वर्षं. इथे हे जाऊन अकरा महिने झालेत आणि मजकूर परवापर्यंत हवाय.

मी काही रमाबाई नव्हे आणि तुझे अण्णा रानडे नव्हते, हे मला कळतं. 'लोकनेते' हा शब्दही ह्यांच्या नावामागे आत्ता लागला, फ्लेक्सवर. जिवंतपणी कुणी म्हटलं असतं तर ह्यांनी मागे वळून पाहिलं असतं, कोण आलंय म्हणून.

माझं लग्न १९७९चं. वर्षभरात शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आमच्या घरात आला. ती संघटना उभी करणारे शरद जोशी तेव्हा परदेशातली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आलेले, आणि चाकणच्या कांद्याचं वारं आपल्या निफाडकडे पोचलेलं. पिंपळगावच्या माधवराव मोऱ्यांची भाषणं पारावर व्हायची. आम्ही बायका ओट्यावरून ऐकायचो, काही शब्दांना पदर तोंडाला लावायचो. उसाला टनाला ३०० रुपये, कांद्याला भाव, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. ह्यांचं शिक्षण अकरावी, पण आकडे तोंडपाठ. रात्री जेवताना मला हिशेब समजावायचे: एकरी बेणं किती, खत किती, पालखेडच्या कालव्याची पाणीपट्टी किती, आणि मग कारखान्याकडून हातात काय. मी विचारलं, "यात माझी निंदणी कुठे धरली?" त्यांचा घास हातातच राहिला. पुढच्या सभेत त्यांनी ते सांगितलं, 'घरातली बाई निंदते त्याची मजुरी कोण धरतो?' टाळ्या पडल्या. प्रश्न कुणाचा ते सांगितलं नाही. तेव्हा मला राग आला नव्हता. उलट अंगावर मूठभर मांस चढलं होतं. राग नंतर आला, आणि तोही पुरवून पुरवून.

खेरवाडीचं तू शाळेत निबंधात लिहिलं होतंस, म्हणून लांबण लावत नाही. १० नोव्हेंबर १९८०. दिवाळी नुकतीच झालेली, घरात शंकरपाळ्यांचा डबा अर्धा. रेल्वे अडवली, गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. हे त्या गर्दीत होते. आम्हाला संध्याकाळपर्यंत एवढंच कळलं होतं की दोघं गेले. नावं कळली नव्हती. तुझी आजी उंबऱ्यावर बसून राहिली, मला आत जाऊ देईना आणि बाहेरही. दादा तेव्हा पोटात, सहावा महिना. हे जिवंत आहेत आणि नाशिकरोडच्या तुरुंगात आहेत हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा आजीने आधी म्हशीला पेंड घातली आणि मग रडायला बसली.

हे सुटून आले तेव्हा रानात लाल कांदा काढून पडलेला होता, आणि तो मी काढून घेतला होता. उन्हाळ कांद्याचं रोपही मी वाफ्यात टाकलं होतं. हारतुरे घालून आणलं त्यांना गावात, वेशीपासून घरापर्यंत. घरी आल्यावर पहिलं काय बोलले असतील? "रोप दाट पडलंय." मी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि म्हटलं, "तुरुंगातून विरळ करायला यायचं होतं." ते इतके हसले की गळ्यातला हार तुटला. असे होते ते, ताई. त्यांच्यावर रागावून राहणं फार अवघड काम होतं.

तेव्हापासून माणसं यायला लागली. पद काही नव्हतं, पण तुरुंगात जाऊन आलेला माणूस म्हणजे त्याच्या शब्दाला वजन असणार, असं लोकांना वाटतं. डीपी जळालीय, कालव्याचं आवर्तन टेलपर्यंत पोचत नाही, मास्तरची बदली, सोसायटीचं कर्ज, सासरी नांदवत नाहीत, बोअरला पाणी नाही. आणि ह्यांचं एकच उत्तर, "हो, बघतो. उद्या या." उद्या माणूस यायचा तेव्हा हे लासलगावला नाही तर मुंबईला. मग तो माणूस, चहा, आणि मी.

मी वही घातली ती तेव्हा. लांबट, लाल कापडाच्या पाठीची, दुकानदार खतावणीला वापरतात तसली, पिंपळगावच्या बाजारातून आणलेली. तारीख, नाव, गाव, काम. काम झालं की बरोबरची खूण. नाही झालं की शून्य. अशा नऊ वह्या भरल्या. तू लहानपणी त्यातल्या एकीच्या मागच्या पानांवर मांजरं काढली आहेस.

दोनेक वर्षांनी मी तिसरी खूण सुरू केली, छोटा त्रिकोण. तिचा अर्थ मी कुणाला सांगितला नाही, ह्यांनाही नाही. दादाने एकदा विचारलं होतं, तर 'गणिताचं आहे' म्हणून उडवून लावलं. त्रिकोण म्हणजे: 'ह्यांनी हो म्हटलं आणि मी नाही म्हणून सांगितलं.'

ते असं सुरू झालं. कादवाकाठच्या एका गावातला माणूस मुलाच्या नोकरीसाठी खेपा घालत होता. संस्थेचं नाव नको. दोन वर्षं ह्यांचं 'हो, बघतो' चाललेलं. जागा निघणार नव्हती, हे ह्यांना पहिल्या महिन्यात कळलं होतं. एका दुपारी त्या माणसाची बायको एकटीच आली. चहा घेतला नाही. ओट्याच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, मुलाच्या येण्याजाण्याला आणि कुणाकुणाच्या हातावर ठेवायला एक बैल गेला. आता एकाच बैलावर पेरणी कशी करायची ते अण्णांना विचारून ठेवा. आणि गेली. मागे वळून पाहिलं नाही.

रात्री मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नाही म्हटलं की माणसाची आशा मोडते गं."

मी म्हटलं, "त्याची आशा मोडू नये म्हणून तुम्ही हो म्हणालात, आणि त्याने बैल मोडला."

त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी न सांगता गेले आणि आपल्या दोन बैलांतला एक त्यांच्या पेरणीपुरता बांधून आले. पण 'नाही' म्हणायला काही शिकले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओट्यावर चार माणसं, आणि ह्यांचं आपलं "हो, बघतो". मग ठरून गेलं, कुणी न ठरवता. हो त्यांचं, नाही माझं. माणूस ओट्यावरून उतरला की मी मागच्या दाराने गाठायचे. "दादा, हे होणार नाही. आजच दुसरीकडे बघा. बी-बियाणं विकू नका." काहींनी ऐकलं. बहुतेकांना वाटलं, अण्णा देवमाणूस आणि बायको आडवी. 'वहिनी खडूस आहेत' हे मी आपल्याच ओट्यावर, खिडकीआडून ऐकलंय. तू कॉलेजात असताना तुझ्या मैत्रिणीच्या आईनेही तुला तेच सांगितलं होतं, आणि तू दोन दिवस माझ्याशी घुश्शात होतीस. आठवत नसेल. मला आठवतं.

त्या टाइप केलेल्या पानात हे कुठे बसवायचं?

आता एकराचं. हे तुला नीट माहीत नाही.

१९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन झालं. तू दोन वर्षांची, तुला आजीकडे टाकून मी गेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बावीस बायका, आग्रा रोडने, फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. म्हणतात लाखावर बायका होत्या. मी मोजल्या नाहीत, पण रेणुकेच्या यात्रेलाही इतकं लुगडं एका जागी पाहिलं नव्हतं. शरद जोशींचं बोलणं शांत, अण्णांच्या मानाने अगदीच हळू. बाईच्या नावावर जमीन असली पाहिजे, हे मी तिथे पहिल्यांदा माईकवर ऐकलं. आमच्या ट्रॉलीतली एक म्हातारी परतताना म्हणाली, "माझ्या नावावर एक गोंदण आहे तेवढं."

पुढे तीनचार वर्षांनी लक्ष्मीमुक्ती सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या मनाने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. गावोगाव सभा. अण्णांचं भाषण या विषयावर फार रंगायचं, बाया डोळे पुसायच्या. 'ज्या लक्ष्मीने तुमचं घर उभं केलं तिचं देणं फेडा.' दिंडोरीकडच्या एका गावात सभा संपता संपता मागून एका बाईने विचारलं, "अन् तुमच्या मालकिणीच्या नावावर किती केली, अण्णा?"

हे मला ह्यांनीच येऊन सांगितलं. लपवलं असतं तर मला कळलं नसतं. मोटारसायकल लावली, ओट्यावर बसले, बूट काढले नाहीत. म्हणाले, "मला उत्तर आलं नाही." तेवढंच. आठव्या दिवशी मला निफाडला घेऊन गेले. तलाठी, अर्ज, फेरफार, खेपा. एका खुर्चीतल्या माणसाने विचारलं, "घरात भांडण आहे का? मग बाईच्या नावावर कशाला?" ह्यांनी त्याला तिथेच लक्ष्मीमुक्तीचं सगळं भाषण ऐकवलं, उभ्याउभ्या. सातबाऱ्यावर माझं नाव आलं. विहिरीजवळचा एक एकर. सगळ्यात चांगला तुकडा दिला, हे लिहायला हवं. बांधावरचा किंवा खडकाळ दिला असता तरी कागदावर एक एकरच दिसला असता.

त्या दिवशी परतताना आम्ही पिंपळगावला थांबून भेळ खाल्ली. लग्नानंतर दोघांनी बाहेर बसून खाल्लेलं ते पहिलं. ते चारचौघांत मला 'अहो' म्हणायचे, माहीत आहे ना? तिथे त्या बाकड्यावर म्हणाले, "अहो शेतकरी, पैसे तुम्ही द्या." मी दिले.

१९९२ साली जिल्हा परिषदेत बायकांना ३० टक्के जागा राखीव झाल्या आणि आपला गट नेमका बायकांना सुटला. घरात जत्रा. "वहिनींना उभं करा." हे इतके खूश की रात्री बारा वाजता मला उठवलं. म्हणाले, "तू काही काळजी करू नकोस. तू फक्त सही कर, बाकी मी बघतो."

चांदवडला नेलेलं ह्यांनी, सातबारा दिलेला ह्यांनी, आणि हे वाक्यही ह्यांचंच. मी नाही म्हटलं. गावात अजून सांगतात, वहिनींनी केवढा त्याग केला. त्याग कसला? मला उभं राहायचं होतं, ताई. फार होतं. पण सहीपुरतं नव्हतं. ते मी तेव्हा नीट बोलू शकले नाही, नुसतं 'नाही' म्हटलं आणि कूस बदलली. बोलले असते तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं, त्या दिंडोरीकडच्या बाईचं ऐकलं तसं. हे माझ्याकडे बाकी आहे. हे शेजारच्या गटातून उभे राहिले आणि निवडून आले.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक. या वेळी पैशांचा खेळ वाढलेला. एका रात्री माझ्यासमोर बसले, म्हणाले, तुझा एकर गहाण टाकू, निवडून आलो की सहा महिन्यांत सोडवू. मी वही पुढे ओढली, त्यांच्यासमोर तारीख घातली, त्यांचं नाव लिहिलं, काम लिहिलं, आणि त्रिकोण काढला. त्यांनी विचारलं, "हे काय?" मी तेव्हा पहिल्यांदा अर्थ सांगितला. त्यांनी वही उचलली आणि मागची पानं चाळत बसले. किती वेळ, मला माहीत नाही. मी झोपायला गेले. सकाळी वही जागेवर होती आणि एकराचा विषय पुन्हा निघाला नाही. निवडणूक हरले. हरल्याचं मला वाईट वाटलं, आणि माझ्यामुळे हरले असं कुणी कुणी म्हणालं तेही लागलं. ते मात्र एकदाही म्हणाले नाहीत. रागातसुद्धा नाही.

तू सगळीकडे सांगतेस की अण्णांनी जीप विकून तुला इंजिनिअर केलं. जीप विकली हे खरं. त्यात पेट्रोल पंपावरची उधारी फिटली. तुझी चार वर्षांची फी त्या एकरावरच्या थॉमसन द्राक्षांच्या बागेने भरली. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुझ्या तोंडून ऐकताना अण्णांचा चेहरा असा व्हायचा की मला जमलं नाही. आणि त्यांनीही ते खोडून काढलं नाही, चोर!

नाशकात आलो त्यानंतरच्या वह्या पातळ होत गेल्या. १९९३ सालच्या वहीत एका दिवसाला दीड पान आहे. शेवटच्या वहीत महिन्याला चार-पाच नावं. नंतर नुसत्या तारखा, आणि पुढे 'कोणी नाही'. ते मी कशाला लिहीत होते, देव जाणे. सवय. पक्षाघातानंतर त्यांचं बोलणं गेलं तेव्हा आपल्या ओट्यावर कुणी नव्हतं, कारण फ्लॅटला ओटाच नसतो. पण सकाळी पेपर आला की बोटाने दाखवायचे, बाजारभावाचं पान. मी लासलगावचा कांद्याचा भाव मोठ्याने वाचायचे. घरात कांदा पिकत नाही त्याला पंधरा वर्षं झाली. भाव पडलेला असला की डोळे मिटायचे, चढलेला असला की माझ्याकडे बघायचे, जणू मीच चढवला. अजून वाचते. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना वाटतं, मी फोनवर बोलतेय.

तर पान. काल मी नवव्या नाही, तिसऱ्या वहीतलं एक पान निवडलं आणि पंचवटी कारंजाला जाऊन झेरॉक्स काढली. सतरा माणसं एका दिवसात. नावांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, माणसं अजून आहेत म्हणून. गाव, काम आणि खुणा तशाच ठेवल्या: बरोबरच्या पाच, शून्यं आठ, त्रिकोण चार. खाली सही केली, माझी.

आज सकाळी त्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "काकू, पान मिळालं. पण यात अण्णांबद्दल तर काहीच नाही." मी गप्प राहिले. मग तोच म्हणाला, "आणि हे त्रिकोण कसले आहेत?"

मी म्हटलं, "चहाला ये. सांगते."

उद्या पाचला येतोय.

तुझी,
आई